दसऱ्याच्या माळेआडची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, नाशिकमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली. पण माझ्याआधी व्हॅनचा ड्रायव्हर समाधान याच्या फायद्याचा हिशेब मांडते, कारण सगळं तिथून सुरू झालं. माझ्या गल्लीतून शाळेची व्हॅन घातली की त्याचे दोन सिग्नल वाचत. गॅस वाचे. मोठ्या रस्त्यावरच्या खोदकामातले खड्डे चुकत, आणि पुढच्या सीटवरची आरोही उलटी न करता शाळेत पोचे. व्हॅन धुवावी लागत नाही, हा फायदा त्याच्या मते सगळ्यात मोठा. एवढा लाभ समोर असताना कोणता ड्रायव्हर पाटी वाचत बसेल, मित्रांनो? समाधानने मात्र वाचली. तीच पंचाईत झाली.

माझा जन्म अंबडच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला, पिवळा रंग दिला आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘पुढे गतिरोधक आहे’. तेव्हा माझं बरं चाललं होतं. लोक मला पाहून ब्रेक दाबत. जे दाबत नसत, ते पुढे आपटल्यावर मागे वळून माझ्याकडेच रागाने बघत. पुढे गतिरोधक झिजून सपाट झाला, तरी मी बरीच वर्षं त्याच्या नावाने इशारे देत उभी होते.

मग गल्ली सकाळच्या वेळी बससाठी राखून ठेवायचं ठरलं. नवी पाटी घ्यायची तर खर्च आला. म्हणून माझ्याच अंगावर नवा कागद डकवला आणि एका ओळीच्या जागेत चार ओळी कोंबल्या. ‘फक्त बससाठी’. त्याखाली ‘सकाळी ८ ते ११’. त्याखाली ‘सुट्टीच्या दिवशी’. आणि तळाशी ‘सर्व वाहनांना खुला’. तळाची ओळ सगळ्यांत ठळक का, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. माणूस तिसऱ्या ओळीपर्यंत येतो न येतो, तोच मागचा हॉर्न मारायला लागे. समोरच्या खांबावर कॅमेरा बसवला. वाचून दाखवायचं काम माझं, फोटो काढायचं त्याचं. त्याची काच पुसायला माणूस येतो. माझ्यावरची धूळ पावसाने धुतली तर धुतली.

माझ्या पायाशी लंकाबाई फुलं विकत. मूळच्या नांदगावकडच्या. त्यांच्या छत्रीची दोरी माझ्या खांबाला बांधलेली. दसऱ्याला माणसं आपापल्या गाड्यांना, शिलाई मशीनला, तराजूला माळ घालतात. लंकाबाई कात्रीला घालत, टोपलीला घालत आणि छत्री धरतो म्हणून माझ्या खांबालाही घालत. मागच्या वर्षी खांबाच्या कमरेला बांधलेली माळ एका गाईने उभ्या उभ्या खाल्ली. यंदा लंकाबाई क्रेटवर चढल्या आणि माळ थेट माझ्या वरच्या बोल्टांना बांधली. संध्याकाळी झेंडूचा भाव पडला होता, त्यामुळे उरलेली सगळी फुलं त्यांनी तिच्यातच ओवली होती. आंब्याची पानं घातली ती वेगळीच.

खोटं कशाला बोलू, मी सुखावले. इतक्या वर्षांत मला कुणी हार घातला नव्हता. पण माळ अशी जाडजूड की वरच्या तीन ओळी तिच्याआड गेल्या. उरली एकच, ‘सर्व वाहनांना खुला’. आणि दसऱ्याची माळ कुणी काढत नाही. वाळून आपोआप गळेल तेव्हा गळेल.

दसऱ्यानंतर समाधान आला, त्याने ती ओळ वाचली, मान डोलावली आणि व्हॅन आत घातली. कॅमेऱ्याने फोटो काढला. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत हेच रोज चाललं. दंडाचे मेसेज जायचे व्हॅनच्या जुन्या मालकाला, कारण गाडी हातबदल होऊन आली आणि कागदावरचा मोबाइल नंबर बदलायचा राहून गेला. तो मालक पिंपळगाव बसवंतला. कर्जाच्या जाहिराती समजून मेसेज पुसून टाकत राहिला.

सुट्टी संपता संपता, शनिवारी सकाळी, समाधान पायी आला. चेहरा उतरलेला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग लंकाबाईंना त्याने जे सांगितलं, त्यावरून मला कळलं. शाळेत वाहनांचं काम बघणाऱ्या हर्षाली मॅडमनी नव्या सत्रासाठी सगळ्या गाड्यांचे नंबर मोबाइलवर तपासले. समाधानच्या नंबरखाली चलनांची ही रांग. दंड थकलेल्या गाडीत मुलं बसवणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. सोमवारी शाळा उघडायच्या आत निकाल लागला नाही, तर त्याची फेरी दुसऱ्या व्हॅनला. ती फेरी म्हणजे त्याचं सगळं घर. तो दंड एकरकमी भरायचा, तर व्हॅनच विकावी लागली असती.

बोलता बोलता त्याची नजर माळेवर गेली. त्याने रागाने हात वर केला आणि टोक धरलं. पण ओढता ओढता थांबला. त्याच्याकडे साक्षीदार म्हणून ही वाळकी माळच होती. ती गळाली, तर झेंडूआड काय लपलं होतं हे कोण मानणार? चौकीतून हवालदाराला घेऊन येतो, तोवर हिला हात लावू नका मावशी, एवढं सांगून तो गेला.

लंकाबाई एकट्या उरल्या. त्यांनाही स्वतःचा हिशेब होता. रस्त्याच्या पाट्यांवर काही टांगलेलं दिसलं तर माल उचलू, असा दम सगळ्या फेरीवाल्यांना याच आठवड्यात मिळाला होता. ही जागा गेली तर नव्या ठिकाणी गिऱ्हाईक जमेपर्यंत खायचं काय? त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. क्रेट ओढला, त्यावर चढल्या आणि कात्री माझ्या बोल्टाजवळच्या दोऱ्याला लावली.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला घाम येत नाही. पण तेव्हा माझ्या अंगावरचा कागद ताणल्यासारखा झाला. एकदा कात्री मिटली की समाधानची फेरी गेली. नाही मिटली, तर बाईंची जागा. कात्रीची पाती जवळ येत, पुन्हा दूर जात. खालून एक गिऱ्हाईक गजरा मागत होतं, त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी कात्री कमरेला खोचली, खाली उतरल्या आणि गजरा मोजून दिला. एक बोटही कमी दिला नाही.

कोंडाजी हवालदार आले. त्यांनी माझा फोटो काढला, माळ काठीने बाजूला सारून वरच्या ओळी वाचल्या आणि म्हणाले, “अर्धं काम झालं. पण माळ कुणी घातली? अज्ञात इसमाने घातली असं लिहिलं तर साहेब कागद परत पाठवतील. तूच आज आणून बांधली नाहीस कशावरून?”

समाधानने लंकाबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. “मला नाही माहीत, साहेब. भाविक असेल कुणी.”

“पाटीचा भाविक?” कोंडाजींनी वही मिटायला घेतली. “मग भर बाबा दंड.”

“ओ साहेब, लिवा.” लंकाबाई टोपलीमागून उठल्या. “माळ म्या घातली. दसऱ्याच्या दिशी. हा खांब माझी छत्री धरतो, त्याला नाय घालायची तर कोणाला? नाव लिवा, लंकाबाई.”

“मावशी, गप बसा ना,” समाधान हलकेच म्हणाला. “जागा जाईल.”

“तुझ्या गाडीत लेकरं हायेत. माझ्या टोपलीत फुलं. फुलं कुठंबी इकली जातात.”

कोंडाजींनी वही पुन्हा उघडली. मग लिहायला लागले. लिहिता लिहिता त्यांनी मोबाइलवर चलनांची यादी खाली ओढली आणि एकावर बोट ठेवलं. “हे दसऱ्याच्या आधीचं दिसतंय. तेव्हा कुठली माळ होती रे? गणपतीची?”

समाधानने मान खाजवली. “आरोहीला मळमळत होतं, साहेब.”

“ते एक भर. बाकीचं मी कळवतो.”

रविवारी संध्याकाळी चौकीतून कळलं, दसऱ्यानंतरची चलनं रद्द. सोमवारी सकाळी समाधानची व्हॅन मोठ्या रस्त्याने, खड्ड्यांतून, मुलांना घेऊन शाळेत गेली. माळ काढून मला ओल्या फडक्याने पुसलं. मित्रांनो, एवढंच सांगते: रस्त्यावरची पाटी झाकलेली, मळलेली दिसली तर पुढे निघून जाऊ नका. कुणाला तरी सांगा, जमलं तर फडकं मारा. आम्हाला हाक मारता येत नाही.

आता शेवटची बेरीज. दसऱ्याआधीचं ते एक चलन समाधानने भरलं. पाटी झाकल्याचा दंड लंकाबाईंनी भरला. समाधान पुढे झाला होता, पण त्या म्हणाल्या, माळ माझी, पावतीबी माझ्याच नावानं फाटू दे. त्यांना समोरच्या बाजूला हलवलंय. तिथे खांब नाही, म्हणून छत्री नाही. दुपारी त्या पदर डोक्यावर घेऊन फुलांवर पाणी मारत बसतात. चार ओळी एका पत्र्यावर कोंबणाऱ्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही. भरणारे दोघंच: एकाने घाईचे भरले, एकीने खरं बोलल्याचे.