वुई हॅव

वाळूजच्या एका कारखान्यात परदेशी मॅडम पाहणीला येणार, म्हणून साहेबांनी कामगारांना इंग्रजी शिकवायला मास्तर नेमले. पॅकिंगमधल्या सुगंधाबाईच्या वाट्याला ‘वुई हॅव’ आलं. म्हणजे ‘आमच्याकडं आहे’.

“अन् नसलं तर, मास्तर?”

“नसण्याचं शिकवायला साहेबांची परवानगी नाही.”

मॅडम आल्या त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं औरंगाबाद शहर बंद होतं. मॅडमसाठी ठरवलेला दुभाषी तिकडंच अडकला. मॅडमनी कॅन्टीनचं विचारलं.

“वुई हॅव,” सुगंधाबाई म्हणाली.

डॉक्टरचं विचारलं. “वुई हॅव.” साहेबांची कळी खुलली. मग मॅडमनी हळूच विचारलं, “लेडीज टॉयलेट?”

“वुई हॅव!” म्हणत सुगंधाबाईनं त्यांचा हात धरला अन् कुंपणाच्या भगदाडातून थेट मागच्या बाभळीत नेलं. तिथं आधीच बसलेल्या दोघी दचकून उठल्या. मागोमाग धावत कुंपणापाशी आलेल्या साहेबांना पाहुणीदेखत ओरडताही येईना.

महिन्याभरात पक्का संडास उभा राहिला. उद्घाटनाला साहेबांनी नारळ फोडून स्त्रियांच्या सन्मानावर लंबंचवडं भाषण ठोकलं. सुगंधाबाईनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, अन् भाषण संपायची वाट न बघता आत जाऊन कडी लावली.