लवकर परत करणारीचा नंबर शेवटी

कबुतरं मला घाबरत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्यांना पळवून लावायला मला गॅलरीच्या दांडीला दोरीने टांगलंय, आणि ती मेली माझ्याच शेजारी बसून निवांत पिसं साफ करतात. चालायचंच. मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे. माझ्या अंगात अजून एक अख्खा सिनेमा आहे, दोन तास अकरा मिनिटांचा, पण तो आता कुणी विचारत नाही. आज मला त्या सिनेमाची गोष्ट सांगायचीही नाही. एका मावशीची सांगायची आहे, आणि तिच्यापर्यंत पोचायला मला झालेल्या उशिराची.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकचा गोल, त्यावर चकचकीत मुलामा, वर छापलेलं नाव, झाली डीव्हीडी तयार. माझा सिनेमा थिएटरात जेमतेम दोन आठवडे चालला होता, त्यामुळे आम्हा बहिणी फार निघाल्याच नाहीत. ज्या कंपनीने मला घेतलं तिच्याकडे तर या सिनेमाची मी एकटीच होते. कंपनी टपालाने सिनेमे द्यायची. महिन्याची ठरलेली वर्गणी भरायची, हव्या त्या सिनेमांची यादी द्यायची, की यादीतला एक सिनेमा पिवळ्या पाकिटातून घरी यायचा. तो बघून त्याच पाकिटातून परत टाकला की पुढचा निघायचा. 'सोमवारी पेटीत, मंगळवारी आमच्या टेबलावर, बुधवारी नवा सिनेमा तुमच्या दारात', असं पाकिटावरच छापलेलं असे. या फेऱ्याचा आम्हाला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

कंपनीचं केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. सकाळी टपालाची पोती ओतली जायची. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायची, तिला आम्ही पुसणारी ताई म्हणायचो. ती पाकीट फोडायची, आम्हाला दिव्याखाली धरून ओरखडे बघायची आणि मऊ फडक्याने मधून बाहेर पुसायची. मग यंत्रावर आमचा नंबर टिपला जायचा आणि ते यंत्रच पुढच्या गिऱ्हाइकाचा पत्ता छापून बाहेर फेकायचं. मला कुणी इतक्या मायेने हात लावलेला नव्हता. पुढेही लावला नाही.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक आळशी गृहस्थ. मी गेले, त्यांनी पाकीट उघडलं, "रविवारी बघू," म्हणाले आणि मला टीव्हीवर ठेवून दिलं. तो रविवार काही उजाडला नाही. माझ्यावर आधी वर्तमानपत्र आलं, मग चाव्या आल्या, मग फुलदाणी आली. चार महिने मी त्या फुलदाणीखाली होते. लाज वाटते सांगायला, पण मला तिथे बरं वाटत होतं. कुणी हाताळत नव्हतं, ओरखडा पडत नव्हता. माझी कुणी वाट बघत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

परत केंद्रात आले तेव्हा कपाटात माझ्या शेजारी एक विनोदी सिनेमाची डीव्हीडी होती, महाबडबडी. ती म्हणाली, "अगं, एक घर आहे बघ. दोन म्हाताऱ्या नणंद-भावजया. आपण सकाळी जायचं, त्यांनी पाकीट उघडायचं, नाव वाचायचं, 'ही नाही' म्हणायचं आणि दुपारच्या टपालात परत! बघायचंसुद्धा नाही. महिन्यात नऊ फेरे!"

"वेड्या आहेत का त्या?" मी म्हटलं.

"वेड्या नाहीत. तुझी वाट बघतायत."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं.

त्यांतल्या भावजयीला सगळी आळी टेलरमावशी म्हणायची. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. धाकटी नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, पायाने भलती चपळ. पेटीपर्यंत धावायचं काम तिचंच. तिचा हिशोब सरळ होता. मी एकटीच, आणि मला मागणारे चार-पाच जण. म्हणजे ज्या दिवशी मी केंद्रात परत येईन, त्या दिवशी आपल्या घरी दुसरी कुठली डीव्हीडी अडकलेली नको. म्हणून आली की लगेच परत. बरोबरच होतं की! कुणीही हेच केलं असतं.

प्रत्येक पाकिटात मावशीची एक चिठ्ठी असे. कंपनीचा नियम असा, की पाकिटातले कागद न वाचता टोपलीत टाकायचे. पुसणारी ताई ते आधी वाचायची, मग टाकायची. एक चिठ्ठी तिने माझ्यासमोरच वाचली.

'चाळीस वर्षांपूर्वी या सिनेमाच्या शिवणखात्यात मी होते. नायिका शिडीवर चढून उंच खिडकीला पडदा लावते, असा प्रसंग होता. हात वर केले की झगा कमरेतून वर ओढला जाणार, हे मला दिसत होतं. म्हणून कुणाला न विचारता मी काखेत एक चौकोनी तुकडा जोडला. मोठ्या मास्तरांनी सगळ्यांसमोर मला कामावरून काढलं. तुकडा त्यांनी ठेवला की उसवला, मला कळलं नाही. सिनेमा लागला तेव्हा रागाने गेले नाही, आणि राग उतरेपर्यंत सिनेमाच उतरला. कमरेचा पट्टा हलतो का, एवढं एकदा बघायचं आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, मधली नजर दोन-तीन महिन्यांत जाईल. कृपा करून लवकर पाठवा.'

मी मनात म्हटलं, आता मीच जाणार. यंत्राने पत्ता छापला. तो एका दातांच्या डॉक्टरांचा होता! त्यांनी मला लावलं, दहाव्या मिनिटाला घोरायला लागले आणि चाळीस दिवसांनी परत पाठवलं. ते चाळीस दिवस मी एकेक करून मोजले, कारण आता मला माहीत होतं कुणाचे दिवस जातायत ते.

मी परत आले त्या दिवशी पुसणारी ताई मला हातात घेऊन सुपरवायझरकडे गेली.

"साहेब, या मावशी सात महिने थांबल्यात. यंत्र त्यांचा पत्ता का छापत नाही?"

"कारण त्यांचा फेरा लवकर होतो," साहेब म्हणाले. "जो पटापट परत करतो, त्याच्यावर टपालखर्च जास्त. एखाद्या डीव्हीडीला गिऱ्हाइकं जास्त असली की संगणक अशांचा नंबर शेवटी लावतो."

"आणि जो चार-चार महिने परतच करत नाही तो?"

"तो आपला लाडका. वर्गणी भरतो, त्रास देत नाही."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"ताई, तुम्ही पुसायचं काम करा. महिनाभर त्यांनी काही परत केलं नाही, तर संगणकच त्यांना वर घेईल. पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, कळलं?"

मित्रांनो, माझं तर डोकंच फिरलं. त्या दोघी जितक्या धावत होत्या तितक्या मागे पडत होत्या, आणि त्यांना कुणी सांगत नव्हतं. पत्ता यंत्रच छापणार. हाताने लिहिलेलं पाकीट दारावरचा माणूस बाहेर सोडत नसे. पुसणारी ताई टेबलाशी परत आली. मग तिने मला 'ओरखडा, तपासणी बाकी' अशी पट्टी लावून दुरुस्तीच्या ट्रेमध्ये ठेवलं. माझ्या अंगावर एक ओरखडा असेल तर शपथ! त्याच दिवशी ती विनोदी बडबडी मावशीकडे निघाली होती. तिच्या पाकिटात ताईने कागद सरकवला. 'मावशी, घाई करू नका. ही महिनाभर घरीच ठेवा, मग पाठवा. तुम्हाला हवी ती मी राखून ठेवली आहे. हा कागद फाडून टाका.'

पुढचं घरातलं मला बडबडीनेच नंतर सांगितलं. नणंद चिठ्ठी वाचून उसळली होती.

"लवकर यावी म्हणून उशीर करायचा? हे कुठलं उफराटं शास्त्र, वहिनी? मी आत्ता जाऊन टाकून येते."

"थांबा वन्सं. लिहिणारीला खोटं लिहून काय मिळणार आहे? थांबू या."

"आणि तुझे डोळे थांबणार आहेत का?"

"ते माझ्या हातात असते तर आणखी काय हवं होतं?"

मावशी रोज सकाळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून नजर तपासायची. आज सगळे आकडे दिसले. आज मधल्या रांगेतले पुसट. चोविसाव्या दिवशी तिने विचारलं, "वन्सं, कॅलेंडरवरच्या तारखा कुणी पुसल्या का हो?" नणंद स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दोघींनी तरीही महिना पुरा केला. इतके दिवस घालवल्यावर आता मोडायचं कसं, असं मावशी म्हणाली.

तिकडे मी ट्रेमध्ये तडफडत होते. खरोखर जखमी झालेल्या डीव्हीड्यांमध्ये धडधाकट पडून राहणं फार वाईट. महिना भरला, बडबडी परत आली, ताईने माझी पट्टी काढली, मला यंत्रावर धरलं. या वेळी पत्ता बरोबर आला. ताईने पाकीट बंद करताना मला हलकेच थोपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी होते. एकच खोली पुढची, खिडकीशी झाकलेलं शिवणयंत्र, समोर टीव्ही. मावशीने मला हातात घेतलं आणि माझ्या कडेवरून बोट फिरवलं, कापडाची किनार तपासावी तसं. मग ती टीव्हीसमोर खुर्ची तिरकी करून बसली. मधलं काही दिसत नव्हतं. मान वळवली की कडेने रंग हलताना कळायचे, एवढंच. आठवडाभर आधी आले असते, तर! मला अजून रडू येतं.

शिडीचा प्रसंग आला. मावशीने नणंदेचं मनगट धरलं.

"चढली?"

"चढली. हात वर केले बघ. दोन्ही."

"कमरेचा पट्टा बघा, वन्सं. तोंडाकडे नका बघू. पट्टा हलला?"

"नाही हलला."

"परत लावा."

नणंदेने परत लावलं. तीनदा लावलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, जागचा हलला नाही. मावशी हळूच म्हणाली, "माझी समजूत घालायला सांगत असाल. तुम्ही दुसरं काय सांगणार, बिचाऱ्या?"

मित्रांनो, सिनेमा माझ्या अंगात आहे. पट्टा हलत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण मला वाचा कुठे होती तेव्हा! मी नुसती गरगर फिरत होते. नणंद चिडली, टीव्हीला नाक लावून उभी राहिली आणि चौथ्यांदा लावलं.

"खोटं कशाला सांगू? शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही. आणि एवढा भारी झगा, पण काखेत चक्क ठिगळ! झगा निळा आणि ठिगळ राखाडी. हे काय गं?"

"राखाडी?" मावशी उभीच राहिली. "राखाडी दिसतंय तुम्हाला?"

"चांगलं चौकोनी. का?"

"कापड संपलं होतं हो! अस्तरातून कापला होता मी तो तुकडा. अस्तराचं कुणाला सांगितलं नव्हतं मी, तुमच्या भावालासुद्धा नाही!" आणि ती तिथेच उभी राहून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. नणंदेने तिला धरलं आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मागे माझा सिनेमा आपला चालूच होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळच्या आत मावशी म्हणाली, "वन्सं, हिला उद्या सकाळच्या पेटीत टाका. आणखी कुणी थांबलं असेल." नणंदेने आठवण करून दिली, की लवकर परत केलं तर पुन्हा नंबर शेवटी जाईल. "जाऊ दे," मावशी म्हणाली. मग तिने चाचपडत एक चिठ्ठी लिहिली. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. 'राखून ठेवलीत, फार उपकार झाले. तुकडा उसवला नव्हता. पट्टा हलला नाही.'

मी केंद्रात पोचले, तर टेबलावर दुसरेच हात. बडबडीने सांगितलं, की दुरुस्तीच्या ट्रेच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या. एक डीव्हीडी ओरखडा नसताना महिनाभर का पडून होती, असं साहेबांनी विचारलं. पुसणाऱ्या ताईने "हो, मीच ठेवली" म्हणून सांगितलं आणि त्याच दिवशी तिला घरी बसवलं. नव्या हातांनी पाकीट फोडलं, मला बाहेर काढलं, आणि चिठ्ठी नियमाप्रमाणे न वाचता टोपलीत टाकली.

मी पोचले की नाही, वेळेवर पोचले की उशिरा, ताईला कधी कळलंच नाही. आपली नोकरी कशापायी गेली, त्याचं काही सार्थक झालं की नाही, हे तिला माहीत नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एक काम करा. दुसऱ्याची वस्तू घरी आली तर ती वेळेवर परत द्या, हे तर आहेच. कुणी दोन ओळी लिहून पाठवल्या, तर टाकायच्या आधी वाचा. आणि टपालाच्या टेबलावर सिनेमे पुसायचं काम केलेली एखादी बाई तुम्हाला कुठे भेटली, तर तिला थांबवा आणि सांगा, की पट्टा हलला नाही.