झीज उजव्या हाताची

लोक जुनी गिटार आधी वाजवून पाहतात. आरसेवाला आधी संशय घ्यायचा. दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा तो गिटारीच्या पोटात घालून बघे, म्हणून हे नाव. त्याच्या घरात भिंतभर जुन्या गिटारी होत्या आणि त्यांतल्या एकीवरही त्याचा पुरता विश्वास नव्हता.

आज समोर आलेली ही गिटार मात्र त्याला हवीच होती. ती घडवणाऱ्या कारागिराच्या गिटारी हल्ली दिवा घेऊन शोधल्या तरी मिळत नाहीत. म्हणूनच तो विकणाऱ्यांच्या घरी सुतकी चेहरा करून बसला होता. गिऱ्हाईक खूश दिसलं की किंमत चढते.

"सासरेबुवांनी जन्मभर वाजवली," जावई म्हणाला. "ते गेले, आता ठेवून काय करायचं? हा बघा पुरावा."

भिंतीवर फोटो होता. सासरे, त्यांच्या मिशा आणि मांडीवर हीच गिटार. फोटोखाली सासूबाई टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

आरशात सगळंच खरं निघालं. लाकूड, सरस, कारागिराची चिठ्ठीसुद्धा. आरसेवाला बेचैन झाला. एवढा खरेपणा कुणाच्या घरात असतो? मग त्याने फोटो पुन्हा पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"सासरे डावरे होते?"

"छे हो!"

"मग फोटोत डाव्या हाताने वाजवतायत कसे? आणि इथली झीज तर उजव्या हाताची. कुणीतरी काचकागद मारून हिला म्हातारी केलंय!"

"माझ्यावर आळ घेता? आई, सांगा यांना!"

"काचकागद आणि जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "खिळा ठोकायचा तर शेजाऱ्यांना बोलावतात ते. आणि आमच्या ह्यांना कुठे वाजवता येत होतं? फोटोवाल्याने हातात दिली तशी धरली."

"मग झिजवली कुणी?"

सासूबाईंनी टॉवेल खाली ठेवला आणि गिटार मांडीवर घेतली. जुन्या चपलेत पाय जावा तशी त्यांची बोटं त्या झिजेत बसली. एक तार उतरली होती, ती त्यांनी न बघताच चढवली आणि चार सूर छेडले.

"आई, तुम्ही?"

"तुम्ही सगळे बाहेर गेलात की. पाहुणे आले की फोटो दाखवायचे हे, चहा आणायचे मी."

त्या चार सुरांनंतर आरसेवाल्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच खरी किंमत निघाली. जावयाचे डोळे लकाकले.

"विकायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "वाजवणारा गेला म्हणून विकत होतात ना? तो इथे बसलाय."

आरसेवाला आरसा पुशीत राहिला.

"फोटो न्या हवा तर," त्या म्हणाल्या. "खोटा आहे, पण काच नवी आहे."