ठरवायची राहून गेलेली भागीदारी

"अहो, तुमचे पार्टनर कालच येऊन गेले की," लाँड्रीची मालकीण म्हणाली, आणि मांडणीवालीच्या हातातला कप ओठांपाशीच थबकला.

मांडणीवाली हे तिला कारखान्यांनी पाडलेलं नाव. कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत तिने उमेदीची वर्षं घालवली, मग नोकरी सोडून सल्ल्याचा स्वतःचा व्यवसाय थाटला. कोणतं यंत्र कुठे ठेवलं, कुठलं टेबल कुणीकडे वळवलं, की माणसांची पायपीट वाचेल आणि माल अडकणार नाही, हे ती सांगायची. सल्ला चोख होता, घेणारे मात्र मोजके. जो भेटेल तो म्हणे, "ओळखी वाढवा. आपल्या धंद्यात माणसं हेच भांडवल." म्हणून ती व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांना जायची, कार्डं वाटायची, मऊ पडलेली बिस्किटं खायची आणि गाल दुखेपर्यंत हसायची. पण भागीदार? तिला भागीदार कुणी नव्हता. निदान तिच्या माहितीत तरी नव्हता.

"कोण आले होते म्हणालात?"

"वाफेवाले काका हो! उंच, सडपातळ, हातात पाना. सगळे पाइप ठोकून ठोकून बघितले. म्हणाले, वाफेचं मी बघतो, मांडणीचं आमच्या बाई बघतील. आणि आमच्या बाई म्हणजे बावनकशी सोनं." मालकीण मनापासून हसली. "खरं सांगू? दोघांना वेगवेगळं काम द्यायचं म्हणजे डोक्याला ताप. तुम्ही एकत्र आहात म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं."

आता खरं बोलायची हीच वेळ होती. पण ही लाँड्री साधीसुधी नव्हती. गावभरच्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी इथे येत. असं काम हाती लागावं म्हणून मांडणीवाली कधीची डोळे लावून बसली होती.

"हो हो, काका ना," ती म्हणाली. "आहेतच ते तसे."

कसे, ते देव जाणे.

घरी तिने हा प्रकार नवऱ्याला सांगितला. तो भांडी पुसत होता. हसता हसता त्याच्या हातून चमचा पडला.

"म्हणजे लग्न लागलं आणि नवरीलाच पत्ता नाही!"

"हसू नकोस रे. हा माणूस माझ्या नावावर कामं मिळवतोय की मला कामं मिळवून देतोय, तेच कळत नाहीये."

"मग विचार ना सरळ."

"आणि तो म्हणाला, नाही आपण भागीदार, तर? मालकिणीला कुठल्या तोंडाने सांगू?"

नवऱ्याने चमचा उचलला. "आणि तो म्हणाला, आहोत, तर?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कामाच्या पहिल्या दिवशी काका तिच्या आधीच हजर होते. तिला बघताच असे पुढे आले, जणू कालच दोघांनी बसून सगळं ठरवलं होतं. "या बाई. मी बॉयलर बघून घेतलाय. तब्येत बरी आहे त्याची. तुम्ही तुमचं सुरू करा." तिने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. पांढऱ्या मिशा, कानामागे पेन्सिल. कुठे पाहिलंय यांना? काही केल्या आठवेना. विचारू या म्हणेपर्यंत काका बॉयलरमागे गेलेसुद्धा.

मग रोज तेच. तिने तोंड उघडावं आणि त्यांनी एखादी झडप दाखवावी. एकदा तर तिने "काका, एक विचारायचं होतं," अशी सुरुवातही केली. तेवढ्यात त्यांनी डबा उघडून तिच्यापुढे धरला. "घ्या. घरून दोघांचं दिलंय." दोघांचं! घास तोंडात असताना, तुम्ही माझे कोण, हे कसं विचारणार?

आणि गंमत म्हणजे, माणूस कामाचा होता. तिच्याशी बोलताना उगाच मोठेपणा नाही की पाठीमागे वेडंवाकडं बोलणं नाही. संशय घ्यावा तर जागा सापडेना, विश्वास ठेवावा तर मुळाचाच पत्ता नाही. तिची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली.

ठिणगी पडली ती इस्त्रीच्या यंत्रावरून. ओल्या चादरींच्या गाड्या आणि इस्त्री होऊन निघालेल्या गाड्या दालनाच्या मधोमध एकमेकींना आडव्या जायच्या. दिवसभर खोळंबा, दिवसभर बाचाबाची. इस्त्रीचे मोठे रोलर उचलून पुढच्या दाराशी न्यायचे, असं तिने ठरवलं. जमिनीवर खडूने जागा आखून ती मालकिणीला समजावत होती, तोच काका मध्ये बोलले.

"जमायचं नाही. वाफेला एवढं लांब फिरवलंत तर वाटेतच तिचं पाणी होईल. चादरी दमट निघतील."

मालकीण एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मांडणीवालीचा चेहरा लाल झाला. मालकिणीची पाठ वळताच तिने काकांना गाठलं.

"गिऱ्हाइकासमोर असं तोंडघशी पाडतात का? आधी आपल्यात बोलायला नको?"

आपल्यात! शब्द तोंडातून निसटला आणि तिचा तिलाच ऐकू आला. मग मात्र तिला राहवेना.

"काका, आपण भागीदार कधी झालो?"

काकांनी पाना खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे खरंच विचारतेय. मला माहीत नाही."

"अहो, तुम्हीच तर म्हणालात. मेळाव्यात. मी कोट काढून ठेवत होतो, तुम्ही कार्ड दिलंत, माझं काम विचारलंत आणि म्हणालात, 'वा! मग आपण मिळून काम करू या.'"

हे वाक्य तिचंच होतं, त्यात शंका नव्हती. त्या संध्याकाळी ती ते प्रत्येकालाच म्हणत होती. नमस्कार म्हणावा तसं.

"मी घरी गेलो, बायकोला सांगितलं," काका म्हणाले. "निवृत्त झाल्यापासून मी तिच्या पायात पायात येत होतो. ती म्हणाली, बरं झालं, जोडीला माणूस मिळालं. यंत्रांच्या एका कंपनीने मला त्यांची यंत्रं खपवायला बोलावलं होतं, त्यांना नाही म्हणून कळवलं. म्हटलं, आता मी एकटा नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही असं किती जणांना म्हणाला होतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सगळ्यांनाच," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. त्यांनी विचारलं, "मग बाकीचे कुठे आहेत?"

काकांनी पाना उचलला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. "पार्टनर कुठे?" मालकिणीने विचारलं. "येतील," ती म्हणाली, आणि हे आपण कशाच्या जोरावर म्हणालो ते तिला कळेना. आपण शब्द दिला होता का? सहज बोललेला शब्द हा शब्द असतो का? त्यांनी न विचारता तिचं नाव वापरलं, ही त्यांची चूक. पण तिने विचार न करता तो शब्द सगळ्यांना वाटला, ही कुणाची? ज्या माणसाला ती ओळखतही नव्हती त्याच्यावाचून दालन रिकामं वाटत होतं, आणि हे तर सगळ्यात चमत्कारिक होतं.

खडूच्या रेघांमध्ये ती उभी राहिली. रोलर हलवायचे नाहीत, तर मग काय हलवायचं? बॉयलरच्या बाजूच्या भिंतीला एक दार होतं. त्याच्यापुढे मोडक्या खुर्च्यांचा ढीग रचलेला. त्यामुळे ते दार आहे हे सगळे विसरूनच गेले होते. ते उघडलं तर? इस्त्री झालेल्या चादरी तिथूनच बाहेर जातील, यंत्र जागच्या जागी राहील आणि गाड्या आडव्या येणारच नाहीत. पण बाहेर पडणारी गरम हवा, पाइपांची उंची, गाडी खालून जाईल की नाही, हे सगळं काकांनाच ठाऊक.

तिने फोन लावला. "काका, बाजूचं दार उघडलं तर पाइपाखालून गाडी जाईल का?"

पलीकडे मागून एका बाईचा आवाज आला, "कोण आहे हो? त्याच का?"

"बघावं लागेल," काका म्हणाले. आणि मग, "हे तुम्ही मला कोण म्हणून विचारताय?"

ती गोंधळली. भागीदार म्हणून? ओळखीचे म्हणून? चूक झाली म्हणून? यातलं एकही पुरेसं वाटेना. "ते मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "पण विचारावंसं तुम्हालाच वाटलं."

"हं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने दोघा कामगारांना हाताशी घेऊन खुर्च्या हलवायला लावल्या. दाराचा कडी-कोयंडा गंजला होता. तो ठोकून मोकळा होईपर्यंत दुपार कलली. दार करकरत उघडलं, आणि बाहेरच्या बोळातून काका येताना दिसले, कानामागे पेन्सिल, हातात पाना. उंबऱ्याशी येऊन ते थांबले. परक्याच्या घरी थांबावं तसे.

"येऊ का आत?"

काय म्हणावं, हे तिने दिवसभर मनात घोळवलं होतं. आभार मानायचे, क्षमा मागायची, मग बसून सगळं नीट ठरवायचं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"किती उशीर केलात!" ती वैतागून म्हणाली. "या लवकर, हा पाइप बघा आधी."