फाट्यावरची पाटी वेबसाइटवर जाते

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. सणसरजवळच्या फाट्यावर मी कित्येक वर्षं उभी होते. ‘लीलाबाईंची ऊस रोपवाटिका. डावीकडे वळा, कॅनॉलच्या कडेने सरळ या’, असं माझ्यावर रंगवलेलं होतं आणि खाली फोन नंबर. ऊन-पाऊस सोसला, पण एकाही माणसाला मी वाट चुकू दिली नाही. याचा मला थोडा तोरा आहे, तो असू द्या.

पुढे रस्ता रुंद झाला. मला उपटून गोठ्यात, भिंतीकडे तोंड करून टेकवलं. गिऱ्हाईक हळूहळू कमी झालं. उसाची रोपं वेळेत विकली गेली नाहीत, तर ट्रेमध्येच वाढून वाया जातात. लीलाबाई ती उकिरड्यावर टाकायच्या, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

बारामती एमआयडीसीत नोकरी करणारी त्यांची लेक संस्कृती एका रविवारी म्हणाली, “आई, आपण वेबसाइट काढू. आधी पानं कुठली पायजेत ते ठरवू.” तिनं खडू घेतला आणि माझ्या पाठीवरच चौकोन आखले.

“पयल्या पानावर सोसायटीच्या चेअरमनसायबांचा फोटू घे,” तिचे आजोबा हिंदुराव आबा म्हणाले. “मग समदी भावकी. एक जरी ऱ्हायला तरी रुसंल.”

आमच्याकडे वाढदिवसाचा फ्लेक्स असाच भरतो. दुसरं पान शुभेच्छुकांना गेलं, तिसरं सत्कारांना, चौथं आबांच्या पाहुण्यांना. माझी पाठ भरली, पण रोपांना जागाच उरली नाही. मी नुसती चरफडत होते.

तेवढ्यात लीलाबाईंचा फोन वाजला. कळंबचे रावजी टेम्पो घेऊन फाट्यावर उभे होते.

“बाई, कुठनं वळायचं? हितं पाटी बी न्हाय. घावत नसंल तर दुसरीकडं बघतो.”

लीलाबाईंनी घाईघाईनं वाट सांगितली. संस्कृती म्हणाली, “आबा, चेअरमनसायबांचा फोटू बघून ह्यांना वाट घावली असती का?”

आबा उठले, मला फिरवलं, गळ्यातल्या टॉवेलनं माझं तोंड पुसलं आणि मोठ्यानं वाचलं.

“हिच्यावर समदं हाय की गं. हेच लिव्ह.”

मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! पाठ पुसली गेली आणि नवी पानं ठरली: रोपं कुठली, यायचं कसं, आम्ही कोण, फोन कुठं करायचा. भावकीचा एकच फोटो, सगळ्यांचा मिळून, ‘आम्ही’च्या पानावर बसला. कोणी रुसलं नाही.

पहिल्या पानावर मात्र माझा फोटो आहे. मला नवा रंग मिळाला आणि आता मी रोपवाटिकेच्या दारात उभी आहे. काल एक अनोळखी शेतकरी हातातल्या मोबाइलकडे बघत आला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “हीच ती पाटी. घावलं बगा!” लीलाबाई हसत ट्रे उचलायला धावल्या.

मित्रांनो, नवीन काही मांडाल तेव्हा दुरून येणाऱ्या माणसाला आधी आठवा. आणि जुनी पाटी काढावीच लागली, तर निदान तिचं तोंड भिंतीकडे करू नका.