गोणपाटातली पाटी

"थांबा मेनीर, गोणपाट काढतो," तपासणीला आलेल्या साहेबाला इसाक म्हणाला आणि त्याने खिशातून चाकू काढला.

रस्त्यापलीकडे हेंड्रीना वेटकूकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, टोपली घेऊन बसली होती. तिची नजर गोणपाटात बांधलेल्या रस्त्याच्या पाटीवरून हलत नव्हती.

वाळवंटाकाठच्या या लूडेरिट्स गावाचा वारा भारी दुष्ट. वाळू घेऊन येतो आणि गाड्यांचे रंग, नंबरपाट्या, काचा, सगळं खरवडून नेतो. रस्त्याच्या पाट्यांवरचा, गाडीच्या दिव्यात चमकणारा कागद आतल्या गावांत वर्षानुवर्षं टिकतो, इथे एका हंगामात झिजून जातो. ठेकेदार इसाकने तोच स्वस्तातला कागद लावला, आणि तपासणीपर्यंत पाट्या कोऱ्या राहाव्यात म्हणून त्यांवर गोणपाटं शिवून टाकली. 'पुढे वाळू' सांगणारी पाटी अशी तोंड बांधून उभी असताना, एका संध्याकाळी हेंड्रीनाचा नवरा यॉनास रस्त्यावर साचलेल्या वाळूत गाडीसकट उलटला. इसाक मातीला आला, रडलासुद्धा. "देवाची मर्जी, तानी," म्हणाला; इथे मावशीला तानी म्हणतात.

हेंड्रीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोणपाट काय देवाने शिवलं होतं?

तेव्हापासून वारा उठला की ती पाटीपाशी जायची, टाके उसवून गोणपाट काढायची आणि पाटीच्या आडोशाला बसायची. पलीकडून वाळू पत्र्यावर तडतडायची. तो आवाज तिला गोड लागायचा. खा बाबा, पोटभर खा, ती वाऱ्याला म्हणायची. वारा पडला की गोणपाट पुन्हा जसंच्या तसं शिवायची.

आता इसाकने चाकूने टाके कापले आणि ते गळून पडलं. खाली नुसता करडा पत्रा होता.

"हे काय दाखवतोस? पातेल्याचं झाकण?" साहेब म्हणाला.

"मेनीर, आईशप्पथ, नवी कोरी होती..."

"सगळ्या पाट्या उतरव. इथल्या वाऱ्यात टिकतील अशा लाव, स्वतःच्या खर्चाने. आणि पुढचा ठेका विसर."

इसाकच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खाली पडलेल्या गोणपाटाकडे पाहिलं, पुन्हा पुन्हा शिवल्याच्या भोकांकडे पाहिलं, मग पलीकडे हेंड्रीनाकडे.

"तानी, हे तुम्ही केलंत?"

"वाऱ्याची मर्जी, इसाक," हेंड्रीना म्हणाली. टोपलीसकट रस्ता ओलांडून तिने गोणपाट उचललं आणि ती चालू लागली.

तिला वाटलं होतं, हा आनंद निदान आठवडाभर पुरेल. तो कबरस्तानापर्यंतही पुरला नाही. यॉनासच्या क्रुसावरचं नाव वाऱ्याने अर्धं पुसून नेलं होतं. तिने गोणपाट क्रुसावर चढवलं, क्षणभर पाहिलं आणि लगेच ओढून काढलं. मग तेच गुडघ्यांखाली घेतलं, टोपलीच्या तळाशी आणलेला रंगाचा डबा उघडला आणि पहिल्या अक्षरापासून नाव पुन्हा लिहायला घेतलं. वारा उठायला लागला होता.