उजवी कळी

मित्रांनो, मी कासव बोलतोय. पाण्यातलं नाय, देवळातलं. शहाडच्या गावदेवीसमोर फरशीत बसवलेलं, काळ्या दगडाचं. लोक आधी माझ्या पाठीला हात लावायचे, मग देवीच्या पाया पडायचे. पोरं तर सरळ वर चढून बसायची. आया ओरडायच्या, "उठ रे! देवाचं कासव आहे ते, तुझी स्कूटर नाय!" मला बरंच वाटायचं.

पूजा कलावतीबाई करायच्या. गुरवीण. नवरा गेला तरी त्यांनी देवीला एक दिवस बिनफुलाची ठेवली नाय. राहायच्या देवळामागच्याच खोलीत.

मग बिल्डर आला. देऊळ पाडून सात मजले, वर फ्लॅट, खाली पार्किंगशेजारी देवी. ट्रस्टचे पंढरीशेठ म्हणाले, "बाई, छप्पर गळतंय. नवीन झालं तर देवीलाच बरं."

कलावतीबाई भडकल्या. "देवीच्या डोक्यावर संडास बांधणार काय? आधी तिला विचारा!"

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. मूर्तीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाय. कौलाच्या वेळी पंखा बंद ठेवायचा, हे गुरवाच्या घरात शेंबडं पोरपण सांगेल.

पण त्या दिवशी सकाळपासून लाइटच नव्हती. पंखा आपोआप बंद. बटण चालूच राहिलंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाय. बाईंच्यापण नाय. त्यांनी कळ्या लावल्या, डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे तेवढे उघडे, दगडाचे.

आणि लाइट आली. पंख्यानं गरकन वेग घेतला, उजवी कळी थरथरली आणि पडली.

"पडली! पडली!" पंढरीशेठ नाचायचेच बाकी होते. "अहो, कळी पडली आणि उजेडपण पडला! अजून काय पायजे?"

वर पंखा फिरत होता. एकानंपण मान वर केली नाय. मला तोंड आहे, आवाज नाय. काय करणार होतो?

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "तीच हो म्हटली, तर मी कोण?" दुसऱ्या आठवड्यात ट्रंक घेऊन भाचीकडे टिटवाळ्याला गेल्या. भांडल्या नाय. ज्या बाईला अख्खं शहाड टरकून असायचं, ती भांडलीच नाय.

आता देवी काचेच्या दारामागे असते. तिच्या वरून पाइपातलं पाणी खळखळत जातं. मला जेसीबीनं उपटलं, पाय तुटला. मीटररूमजवळ पडलोय, डिलिव्हरीवाले पाठीवर हेल्मेट ठेवतात.

परवा कलावतीबाई आल्या. वाकलेल्या. वॉचमननं अडवलं, "मावशी, कोणता फ्लॅट?"

"फ्लॅट नाय रे. देवी."

"टाइम संपला. सकाळी या."

"अरे, इथंच राहायचे मी. देवी हो म्हटली म्हणून गेले. नायतर कुणाच्या बापानं सांगितलं तरी हलले नसते!"

काचेवर डोकं टेकवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

मित्रांनो, जुनं जपा. जमलं नाय आणि पाडायचंच असेल, तर स्वतःच्या तोंडानं हो म्हणा. देवाच्या तोंडी घालू नका. देवावर भरवसा ठेवणारं माणूस मग भांडतपण नाय, नुसतं निघून जातं.